मासिकाची पत्रकारिता शिकताय? बेळगावच्या पोरांनो, या चुका टाळा

दरवर्षी निकाल लागले की आपल्याकडची पाच-सहा पोरं तरी फोन करतात, दादा मासिकात काम करायचंय, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाऊ की पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटला की इथंच जवळ धारवाडला. कुठंही जावा, तिन्हीकडं पत्रकारिता शिकवतात. पण अंक म्हणजे नुसतं लिखाण नाही, ती छापून वाचकाच्या हातात पडणारी वस्तू आहे, हे डोक्यात नसलं की पुढं सगळीकडं अडतं. मी हे फार उशिरा शिकलो म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे संपादकाला लेख सांगायच्या ऐवजी विषय सांगणं. ‘सीमाभागातलं शिक्षण’ हा विषय झाला. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एखाद्या गावातल्या मराठी शाळेत पहिलीला किती पोरं उरलीत, मास्तर किती लांबून येतात, पाऊस लागला की ओढ्यापाशी काय होतं, हा लेख झाला. आणि वाचक कोण, असं विचारलं की ‘सगळे’ म्हणू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावातच, पुढं किर्लोस्करवाडीला गेल्यावर १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं छोटं पत्रक म्हणून, आणि त्यातूनच पुढं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. आधी ठरलेला वाचक, मग पसारा.

आता अर्ध्या र चं दुखणं, यावर जरा जास्त बोलतो कारण यात मी स्वतः पोळलोय. लेख युनिकोडमध्ये टाईप केलेला असतो, डीटीपीवाला, म्हणजे पानं लावणारा, तो कन्व्हर्टरमधून श्रीलिपी या छपाईच्या फॉन्टमध्ये घेतो आणि तिथं जोडाक्षरं मोडतात. माझा पहिला मोठा लेख खानापूरकडच्या दऱ्यांवर होता, छापून आला तेव्हा शीर्षकातच ‘दर्या’, म्हणजे दऱ्यांचा समुद्र झालेला, आणि शेवटचं प्रूफ मी बघितलंच नव्हतं कारण मला वाटलं लेख दिला म्हणजे माझं काम संपलं. ज्यांच्या घरी राहून मी ते लिहिलं त्या आजोबांना अंक द्यायला गेलो तेव्हा मान वर करवली नाही. म्हणून सांगतो, युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य असं टाईप करायचं, इनस्क्रिप्ट कीबोर्डला तो ऱ शिफ्ट दाबून इंग्रजी J च्या बटणावर मिळतो. आणि कन्व्हर्ट झाल्यावर दुसऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना, तऱ्हा हे शब्द एकेक शोधून बघायचे. आचार्यांना जेवायला बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, अर्थ पार बदलतो की. शीर्षक, फोटोओळी आणि लेखकाचं नाव शेवटी परत एकदा, कागदावर प्रिंट काढून. स्क्रीनवर डोळा फसतो.

दुसरं, फर्मा. एकदा तरी प्रेसमध्ये जाऊन उभं राहा आणि मोठा कागद घडी घालून १६ पानं कशी होतात ते बघा, त्या १६ पानांचा एक फर्मा. विद्यार्थी डमी, म्हणजे नमुन्याचा अंक, करतात आणि पानं भरतात १०१. सहा फर्म्यांची ९६ झाली, उरली पाच, त्यासाठी अर्धा फर्मा म्हणजे आठ पानं घ्यावी लागतात आणि तीन पानं कोरी राहतात, नाहीतर कुणाचातरी लेख कापायचा. सेंटर पिनचा अंक असेल तर पानं चारच्या पटीतच पाहिजेत. हे आधी धरून चाला, कव्हर वेगळं मोजा.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला छापला की चारच इंच भरतो, तो पानभर ताणला की फुटणारच.

दिवाळी अंकात लिहायचं म्हणून नवरात्रात फोन करणारे पण पुष्कळ आहेत, तोवर पानं लागलेली असतात हो! जून-जुलैमध्ये विचारा. आणि तोवर हात बसवायचा तर कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं आहेत, तिथं जाऊन बसा, एका सत्रावर आठशे शब्द लिहून काढा. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, जुने अंक हातात घेऊन अनुक्रमणिका कशी लावलीय ते बघा.

स्वतःचं नियतकालिक काढायचा विचार असला तर जुन्या पुस्तकातला नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा पाठ करून बसू नका. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, नोंदणी ऑनलाईन होते.

राहिलं कन्नड. आपल्या भाषेचा अभिमान मला पण आहे, घरात चळवळ बघतच वाढलो, पण कन्नड वाचता येत नाही म्हणून कागद न बघताच लेख लिहिणं ही चूकच. तालुका कचेरीतला कागद कन्नडमध्येच असतो. घरातली पहाणी, म्हणजे आपला सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा, घ्या आणि एखाद्या मित्राला शेजारी बसवून गावाचं नाव, सर्व्हे नंबर, मालकाचा रकाना, पिकाचा रकाना एवढं तरी वाचायला शिका, सुट्टीत जमण्यासारखं आहे.