शहरांतील गुन्हेदर आणि त्याची सामाजिक कारणे : या चुका टाळा

गुन्हेदराचे सूत्र सोपे आहे. नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागायचे आणि एक लाखाने गुणायचे. अडचण अशी की या सूत्रातील अंशाबद्दल किंवा छेदाबद्दल शंका न घेता अनेक जण थेट दारिद्र्य, बेरोजगारी आणि स्थलांतर यांच्याशी त्याची सांगड घालतात, आणि अशा घाईच्या निष्कर्षांचा भार बहुधा ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही त्या वस्त्यांवर पडतो. म्हणून सामाजिक कारणांकडे वळण्यापूर्वी आकडा कसा तयार झाला, हे पाहणे आवश्यक आहे.

नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले, असे समजणे

घटना आकड्यात येण्यापूर्वी पीडित व्यक्तीने तक्रार करायचे ठरवावे लागते, पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावे लागते, तिथे तक्रार नोंदवून घेतली जावी लागते आणि योग्य कलम लागावे लागते. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर गळती होते आणि ती सर्व गुन्ह्यांत सारखी नसते. वाहनचोरीची नोंद बऱ्यापैकी पूर्ण असते, कारण विम्याच्या दाव्यासाठी एफआयआरची प्रत लागते. कौटुंबिक हिंसाचार, लैंगिक छळ आणि किरकोळ चोऱ्या मात्र मोठ्या प्रमाणावर नोंदीबाहेर राहतात. त्यामुळे महिलांवरील अत्याचारांच्या नोंदी वाढल्या, तर परिस्थिती बिघडली असेल किंवा तक्रार करण्याचे धैर्य आणि सोय वाढली असेल. निव्वळ आकड्यावरून यातले काय खरे, ते ठरवता येत नाही. दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली स्पष्ट केले. अशा निर्णयांनंतर आलेख चढला, तर पहिला संशय नोंदणीच्या पद्धतीवर घ्यावा.

मोजण्याचे नियमही तपासावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग मुख्य गुन्ह्याचा नियम वापरतो, म्हणजे एकाच एफआयआरमध्ये खून आणि जबरी चोरी अशी दोन्ही कलमे असली, तर मोजणीत फक्त खून धरला जातो. भारतीय दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याचा गुन्हा स्वतंत्र कलमाखाली आला. सोनसाखळी चोरीची प्रकरणे पूर्वी चोरी किंवा जबरी चोरी यांच्या कलमांखाली जात असत. हे लक्षात न घेता 2023 आणि 2025 चे आकडे शेजारी ठेवले, तर कलमांची फेरमांडणी गुन्हेगारीतील बदल म्हणून वाचली जाईल.

ताळा घेण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे तुमच्याबाबत गुन्हा घडला का, असे थेट लोकांनाच विचारणारे पीडित सर्वेक्षण. अमेरिकेत असे राष्ट्रीय सर्वेक्षण 1973 पासून चालू आहे, तर इंग्लंड आणि वेल्समधील सर्वेक्षणाची सुरुवात 1982 ची आहे. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने 2014 मध्ये पोलिसांच्या नोंदींवर आधारित गुन्हेआकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा विश्वासार्ह सरकारी आकडेवारीला मिळणारा दर्जा काढून घेतला. या नोंदींवर आंधळा विश्वास किती महागात पडतो, हे त्यावरून कळावे. सर्वेक्षण उपलब्ध नसेल, तर खून आणि वाहनचोरी यांसारख्या कमी गळतीच्या गुन्ह्यांपासून सुरुवात करावी आणि मारहाणीचे आकडे शक्यतो रुग्णालयांच्या नोंदींशी पडताळावेत.

छेद न तपासणे

समजा, एका व्यापारी प्रभागात 20 हजार लोक राहतात आणि वर्षभरात 600 चोऱ्या नोंदल्या गेल्या. दर लाखामागे 3,000 हा भयावह दर निघतो. शेजारच्या निवासी प्रभागात 80 हजार रहिवासी आणि 400 चोऱ्या आहेत, म्हणजे दर 500. मात्र व्यापारी प्रभागात दिवसा तीन लाख माणसे असतील, तर त्या गर्दीच्या हिशेबाने दर 200 वर येतो आणि क्रम पूर्ण उलटा होतो. यातले कोणतेही एक उत्तर अंतिम नाही. घरफोडीसाठी घरांची संख्या, वाहनचोरीसाठी वाहनांची संख्या आणि रस्त्यावरील चोरीसाठी तिथे वावरणाऱ्या माणसांची संख्या हा अधिक सयुक्तिक छेद ठरतो.

लोकसंख्या जुनी असली, तरी हाच घोळ होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालातही महानगरांचे दर 2011 च्या जनगणनेवर काढलेले आहेत. समजा, तेव्हा 20 लाखांचे असलेले शहर आज 28 लाखांचे झाले आहे. तिथल्या 11,200 गुन्ह्यांचा दर जुन्या छेदाने 560 येतो आणि नव्याने 400. झपाट्याने वाढणारी शहरे अशा कोष्टकात विनाकारण बदनाम होतात.

लहान शहरांत खुनांची संख्या दोनवरून चारवर गेली की ‘शंभर टक्के वाढ’ असा मथळा येतो. इतक्या लहान संख्यांसाठी तीन किंवा पाच वर्षांची सरासरीच वापरावी.

वस्तीवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढणे

गरीब प्रभागांत गुन्हे जास्त आढळले, म्हणून गरीब माणसे जास्त गुन्हे करतात, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1950 साली अमेरिकेच्या जनगणनेवरून हा दोष उघड केला. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत साक्षरताही जास्त होती. व्यक्तींच्या पातळीवर मात्र परदेशात जन्मलेले लोक तुलनेने कमी साक्षर होते. स्थलांतरित अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच त्यामागचे कारण. जो प्रभाग गरीब, त्यात पीडितही बहुधा गरीबच असतात, ही बाब अशा चर्चांत कोणी बोलून दाखवत नाही.

शिवाय प्रभागाची सरासरी खूप काही झाकते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातील 1989 च्या अभ्यासात शहरातील तीन टक्क्यांहून थोड्याच जास्त पत्त्यांवरून पोलिसांकडे येणारे निम्मे कॉल आलेले आढळले. म्हणजे ‘गुन्हेगारी वस्ती’ म्हणून रंगवलेल्या भागातील बहुतेक गल्ल्या शांत असू शकतात. शिकागोतील 1997 च्या अभ्यासात 343 वस्तीसमूहांतील आठ हजारांहून अधिक रहिवाशांना शेजाऱ्यांवरील विश्वासाबद्दल आणि प्रसंगी मध्ये पडण्याच्या तयारीबद्दल विचारले गेले. जिथे ही तयारी जास्त, तिथे हिंसाचार कमी होता, आणि वंचितता व हिंसा यांच्यातील संबंधाचा मोठा भाग या घटकातून जात होता. दारिद्र्य, बेरोजगारी, दाटीवाटी आणि भाडेकरूंची सतत ये-जा हे घटक सहसा एकत्रच आढळतात. ते सगळे एकाच समीकरणात घालून कोणाचा वाटा किती, हे दशांशात सांगणे म्हणजे खोटी अचूकता होय. संबंधित घटकांचा एकच निर्देशांक करणे अधिक प्रामाणिक ठरते.

सर्वांत घातक चूक म्हणजे पोलिसांच्या उपस्थितीचा परिणाम गुन्हेगारीच्या नावावर जमा करणे. जुगार, अवैध दारू आणि अमली पदार्थ यांचे गुन्हे बहुतांशी पोलिसांनी शोधल्यावरच नोंदले जातात, त्यामुळे जिथे गस्त जास्त तिथे गुन्हे जास्त दिसतात आणि त्याच आकड्यांच्या आधारे पुढची गस्तही तिथेच पाठवली जाते. अमेरिकेतील ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदींवर 2016 साली केलेल्या विश्लेषणात, गुन्हा कुठे घडेल याचे भाकीत करणारी संगणकीय पद्धत पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांकडे पाठवील असे दिसले, प्रत्यक्षात सेवन शहरभर पसरलेले असल्याचा अंदाज असतानाही. असे गुन्हे वेगळ्या कोष्टकात ठेवावेत आणि सामाजिक घटकांशी त्यांचा संबंध जोडू नये.

कार्यकारणाची दिशाही गृहीत धरू नये. बेरोजगारीने चोऱ्या वाढू शकतात, तसेच चोऱ्यांना कंटाळून व्यवसाय बाहेर गेल्याने बेरोजगारीही वाढू शकते. एकाच वर्षाच्या आकड्यांवरून हे सुटत नाही. दोन्हींच्या अनेक वर्षांच्या मालिका घेऊन आधी काय बदलले ते पाहावे, आणि त्या काळात ठाण्याची हद्द, ऑनलाइन तक्रारीची सोय किंवा कलमे बदलली असतील, तर ते वर्ष आलेखावर ठळकपणे दाखवावे.