नाकाची तालीम: गेलेला वास घरच्या घरी परत शिकवताना

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा चटणीचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटून देण्याची गिरणी, आहे. बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आम्ही चटणीच म्हणतो. होळी झाली की बायका मिरची, खोबरं, तीळ, धने, दगडफुलाचे डबे घेऊन दारात रांग लावतात. सासऱ्यांनी मला हिशेबाच्या आधी वास शिकवला. डबा उघडताक्षणी कळायला हवं, मिरची करपली आहे की खोबरं खवट आहे. 2021 च्या मे महिन्यात मला कोरोना झाला आणि हा वासच गेला. ओळखीतल्या ज्यांना ज्यांना अशी अडचण येते, ते मला विचारतात, म्हणून जे केलं ते नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी झोंबणं आणि वास वेगळे करा. डंकावर मला ठसका लागत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे आठ दिवस मी नाक शाबूत आहे असंच समजले. पण मिरचीतलं कॅप्सेसिन झोंबतं ते चेहऱ्यातल्या ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नसेमुळे. बामचा गारवाही तिच्यामुळेच. वास गेला तरी ती नस चालू राहते. तांबडा रस्सा प्यायला की जीभ पोळायची, मीठही कळायचं, पण मटण आणि मसाला कुठेच नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाची असते. म्हणून परीक्षा कॉफीपूड, वेलची, अंगाचा साबण यांवर घ्या. डोळे मिटा आणि वस्तू दुसऱ्याला धरायला सांगा. मिरची आणि बाम यात चालत नाहीत.

मग डॉक्टर. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका. डोक्याला मार लागून वास गेला असेल, एकच नाकपुडी बंद असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सर्दीनं नाक चोंदणं आणि वासाच्या पेशींना इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे.

माझी अडचण दुसऱ्या प्रकारची होती. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलेली, त्यामुळे आत काय होतं हे समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थता नव्हती. नाकाच्या अगदी वरच्या भागात एक लहानसा पट्टा असतो, वास पकडणाऱ्या चेतापेशी तिथे. त्यांचे तंतू चाळणीसारख्या भोकाभोकांच्या हाडातून वर मेंदूत जातात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली वास ओळखणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं) जनुकं शोधली, 2004 साली त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक काम करतात. एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचा ग्राहक असतो, पण एक रेणू अनेक ग्राहकांना जागं करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखतो. कोणकोण एकदम जागे झाले, त्या मेळावरून मेंदू वास ठरवतो. आमच्या चटणीचंही असंच. खोबरं, तीळ, लसूण वेगवेगळे हुंगून चटणी कळत नाही, ती मेळातूनच कळते.

मला धीर देणारी गोष्ट पुढची. 2020 साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की विषाणूला आत शिरायला लागणारं प्रथिन या चेतापेशींत नसून त्यांच्या शेजारच्या आधारपेशींत असतं. आणि चेतापेशी मेल्या, तरी खालच्या मूळपेशींपासून जन्मभर नव्या येत राहतात. पण नव्या तंतूंना आपापली जागा गाठावी लागते आणि मेंदूला वाचन परत शिकावं लागतं. तालीम लागते ती यासाठी.

ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली मांडली. गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. झाकणाच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. तीन बाटल्यांत कापसाच्या बोळ्यावर गुलाबाचं अत्तर, नीलगिरी तेल आणि लवंग तेल यांचे चार-पाच थेंब टाका. लिंबाचं तेल मिळालं नाही तर ताजी साल किसून घाला, मात्र ती रोज बदला. बाटल्यांवर नावं चिकटवा. तेल नाकाला लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही.

सकाळी काही खाण्याआधी आणि रात्री झोपताना बसा. बाटली नाकापासून बोटभर लांब धरा आणि दहा ते वीस सेकंद हळूहळू, छोटे छोटे श्वास घ्या. जोरात ओढू नका, मी आधी तेच करत होते आणि नाक कोरडं पडत होतं. दोन बाटल्यांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि हुंगताना त्या वस्तूची आठवण काढा, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. लवंग धरली की मी सासूबाईंचा पितळी डबा डोळ्यांसमोर आणायचे, गुलाब धरला की महाद्वार रोडवरची फुलांची परडी. टीव्ही लावून, मोबाईल बघत हुंगलेलं मी वहीत मोजतच नव्हते.

वही ठेवाच. तारीख, वास, शून्य ते दहा गुण. पहिले पाच आठवडे माझी पानं शून्यांनी भरली आहेत. सहाव्यात लवंगेला 1.

नंतर वास उलटेपालटे झाले. फोडणीतला लसूण जळक्या रबरासारखा यायला लागला, कॉफी तोंडाजवळ नेववेना. याला पॅरोस्मिया म्हणतात. पुष्कळांना तो बरं होतानाच येतो, म्हणून घाबरून तालीम सोडू नका. त्या दिवसांत जेवण कोमट खा, भाजलेलं-तळलेलं कमी करा. दही-भात, काकडी, ताजं दूध मला चालायचं. घरच्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर पानात टाकलं की स्वयंपाक करणारीचं मन दुखतं. आमच्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा मी तिला वही वाचायला दिली.

गॅसचं विसरू नका. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि तुम्हाला नेमकं तेच कळत नाही. गळती सांगणारं अलार्मचं यंत्र बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करा. दूध-भाजीवर तारीख लिहा.

बारा आठवड्यांनी बाटल्या बदला. नंतरच्या अभ्यासांत वेगवेगळे वास आलटून-पालटून, जास्त महिने चालू ठेवल्यानं फायदा दिसला. दुसऱ्या खेपेला मी आपल्या मातीतले वास घेतले: गुऱ्हाळावरचा नवा गूळ, दगडफूल, वेलची, कॉफी. पुढच्या चैत्रात नणंदेनं ज्योतिबाहून दवणा आणला. ओट्यावर पुडी ठेवली होती, मी पाठमोरी भांडी लावत होते, आणि न हुंगताच मला दवणा आला. त्या दिवशी वहीत 9 लिहिलाय.

लसूण अजून 6 वर आहे. त्याची बाटली रोज रात्री उघडते. डंकावर डबा आला की आधी मी हुंगते, मग सूनबाईंना देते आणि दोघींचं जुळलं तरच मिरची डंकात जाते.