चहाच्या रंगाचं ऑइल

बीडजवळ हायवेला माझं वॉशिंग सेंटर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाड्यांची रांग लागलेली असताना, पंप खडखडायला लागला. पंपाच्या ऑइलच्या काचेतून बघतो तर ऑइल दुधाच्या चहासारखं! म्हणजे सील गेलं आणि पाणी आत. सील बदललं, नवं ऑइल भरलं, पाणी चालू ठेवून 10 मिनिटं पंप चालवला, मग ते ऑइलही काढून टाकलं आणि परत नवं भरलं. बायको म्हणाली, पैसे जास्त झालेत का? पण आतला पांढरा चिकटा एका भरणीत निघत नाही.

गाडी उचलायच्या लिफ्टच्या निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, काळ्या मातीचा गोळा असायचा, पोरगं त्यावरच ग्रीस गन लावायचं. आता आधी फडक्यानं पुसतो, जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर मारतो. तेही संध्याकाळी, धुणं आटोपल्यावर.