बोटीचे डॅशबोर्ड पॅनेल नव्याने कसे बनवावे

जुन्या बोटीच्या डॅशबोर्डची अवस्था बहुधा सारखीच असते. उन्हाने पॅनेल विटलेले, स्क्रूंभोवती तडे, आणि दर नव्या उपकरणासाठी कुणीतरी पाडलेले एकेक भोक. त्या मॉडेलचे पॅनेल कंपनीने बनवणे कधीच बंद केलेले असते, तेव्हा ते स्वतः बनवणे हाच सरळ मार्ग उरतो. समोरून देखणे पॅनेल जमवणे फारसे कठीण नाही. मागून सहज उघडता येईल, प्रत्येक वायर ओळखू येईल आणि आत शिरलेले पाणी निथळून जाईल, अशी रचना साधायला मात्र विचार लागतो. म्हणून या कामाची सुरुवात मागच्या बाजूने करावी.

जुने पॅनेल काढण्याआधी

बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवा, मग धन. फक्त मुख्य स्विच बंद करून भागत नाही, कारण बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचा) पाणी चढताच आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच अनेकदा थेट बॅटरीला जोडलेला असतो. पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर बंदिस्त जागा आधी उघडून हवा खेळू द्या.

आता फोटो काढा. भरपूर, आणि वेगवेगळ्या कोनांतून. प्रत्येक वायर कुठल्या उपकरणाच्या कुठल्या टोकाला जाते, याचे लेबल ती सोडवण्याआधीच लावा. अमेरिकी पद्धतीच्या बोटींत रंगांचा संकेत ठरलेला असतो: जांभळी वायर इग्निशनची, करडी टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरची), गुलाबी इंधन मीटरची, फिकट तपकिरी पाण्याच्या तापमानाची, फिकट निळी ऑइल प्रेशरची आणि गडद निळी मीटरच्या दिव्यांची. पण आधीच्या मालकाने हाताशी असेल ती वायर जोडलेली असू शकते. रंगावरून अंदाज बांधा, खात्री मल्टिमीटरने करा.

मीटर बदलणार असाल तर दोन गोष्टी हमखास नडतात. पहिली टॅकोमीटरची. अनेक टॅकोमीटरांच्या पाठीवर इंजिनानुसार लावायचा छोटा निवडक स्विच असतो. जुन्यावर तो कुठल्या खुणेवर आहे ते लिहून ठेवा. दुसरी इंधन मीटरची. अमेरिकी टाकीतला सेन्सर सहसा टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम दाखवतो, तर युरोपीय सेन्सर रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम. जोडी चुकली की काटा उलटा चालतो आणि रिकामी टाकी भरलेली दिसू लागते.

पॅनेल कशाचे?

ॲक्रिलिक स्वस्त आणि चकचकीत असते, पण तडकते, आणि अमोनिया किंवा अल्कोहोलच्या क्लीनरने त्यावर बारीक भेगा येतात. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, ओरखडे मात्र लवकर पडतात. एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकचे मरीन शीट कापायला सोपे आणि पाण्याला बेफिकीर. त्याला नेहमीचे चिकटद्रव्य धरत नाही, त्यामुळे सगळे स्क्रूवरच बसवावे लागते. मरीन प्लाय उत्तम, फक्त प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद व्हायला हवे. ५०५२ किंवा ५०८३ जातीचा ३ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ, ताठ आणि टिकाऊ असतो. हाताशी साधने असतील तर माझे मत त्यालाच. पॅनेल जाड असेल तर एक अडचण येते: रॉकर स्विचच्या (वर-खाली दाबायच्या स्विचच्या) कडेच्या पकडी पातळ पत्र्यालाच धरतात. जाड फळीला मागून तेवढ्या जागी खोल करून घ्यावे लागते.

पृष्ठभाग शक्यतो मॅट ठेवा. कार्बन फायबरसारखी दिसणारी चकचकीत फिल्म दुकानात छान वाटते. दुपारच्या उन्हात ती डोळ्यांवर येते आणि रात्री काचेत तिचे प्रतिबिंब पडते.

पुठ्ठ्याचा साचा

घाई करू नये अशी हीच पायरी. जुने पॅनेल पुठ्ठ्यावर ठेवून बाहेरची कड आणि स्क्रूंची भोके उतरवा. जुने पॅनेल वाकलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, बोटीतली जागाच मोजा. मग पुठ्ठा जागेवर चिकटवून सुकाणूशी बसा आणि उभेही राहा. चक्राच्या आरीआड कुठला मीटर लपतो? थ्रॉटल पूर्ण पुढे केल्यावर हात कुठल्या स्विचवर घासतो? सतत पाहायचे मीटर नजरेच्या रेषेजवळ, आणि बिल्ज पंप व हॉर्नचे स्विच न पाहता हाताला लागतील असे.

लहान मीटरचे भोक साधारण ५२ मिमी, टॅकोमीटर आणि वेगमापकाचे ८५ मिमी, तर नेहमीच्या मरीन रॉकर स्विचचे सुमारे ३७ बाय २१ मिमी असते. तरीही हातातली वस्तू व्हर्नियरने मोजल्याशिवाय भोक आखू नका. मीटरची पुढची कडी भोकापेक्षा मोठी असते, त्यामुळे अंतर भोकांमध्ये न मोजता कड्यांमध्ये मोजा. मागची खोलीही तपासा: स्टीअरिंगची यंत्रणा, केबल आणि वायर वळायला लागणारी जागा.

होकायंत्र जवळ असेल तर स्पीकर आणि लोखंडी वस्तू दूर ठेवा. एकाच दिशेने जाणारा विद्युतप्रवाहही सुई हलवतो. धन आणि ऋण वायर एकमेकींना पिळून नेल्या की हा त्रास बराच कमी होतो.

कापणे

दर्शनी बाजूला मास्किंग टेप लावून त्यावर आखणी करा. पाठीशी टाकाऊ फळी घट्ट क्लॅम्प करा. गोल भोकांना होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत. चौकोनी भोकाचे कोपरे आधी ड्रिल करून घ्या, मग जिगसॉने कापा. मापापेक्षा किंचित आत राहून शेवटची कड कानशीने गाठा. ॲक्रिलिकवर वेग कमी ठेवा, नाहीतर ते वितळून पात्याला चिकटते. तीक्ष्ण आतले कोपरे सोडले तर तडा तिथूनच सुरू होतो. पॅनेलमागची फायबरग्लासची कड कापावी लागली तर मास्क आणि चष्मा घालाच.

स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा सैल असावीत. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक तापमान ३० अंशांनी वाढले की सुमारे २ मिमी लांबते. घट्ट भोकात ते कडेने फुटेल. ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. प्लायची भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यातच योग्य मापाची पाडा.

वायरिंग

कथिलाचा लेप असलेली, बारीक तारांची तांब्याची वायर वापरा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या सर्किटांसाठी व्होल्टेजची घट ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे आहे. म्हणजे १२ व्होल्टवर जेमतेम ०.३६ व्होल्ट. जाड वायरीचा खर्च त्यासाठीच. याच मानकानुसार जोड केवळ सोल्डरवर विसंबून नसावा. लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नीट क्रिम्प करून, म्हणजे घट्ट दाबून, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे निवडा, कारण तो आधी वायर जळण्यापासून वाचवतो. पेट्रोलच्या वाफा साचू शकतील अशा जागी ठिणगी बाहेर न टाकणारे, इग्निशन-संरक्षित स्विचच हवेत.

ऋण वायरींची साखळी एका मीटरवरून दुसऱ्या मीटरवर नेण्याऐवजी एक बस बार, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी, लावा. पॅनेल पुढे ओढून चक्रावर टेकवता येईल एवढी वायर सैल सोडा, आणि जोडण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी टोकापर्यंत न जाता मधेच ठिबकेल.

बसवणे आणि तपासणे

कडेला सिलिकॉन फासू नका; पुढच्या वेळी उघडताना पॅनेलच तुटेल. फोमची गॅस्केट पुरते. स्क्रू आवळण्याआधी बॅटरी जोडा, या वेळी धन आधी, आणि एकेक सर्किट चालू करून पाहा. होकायंत्राकडेही लक्ष ठेवा: कुठल्या स्विचने सुई सरकते ते तेव्हाच कळते. इंजिन चालू करून किल स्विच (संकटात इंजिन तत्काळ थांबवणारा स्विच) खरोखर इंजिन बंद करतो का, हे किनाऱ्याला बांधलेले असतानाच बघा. पाण्यावर थरथर आणि आपटे सोसून पहिल्या काही फेऱ्यांत लगचे नट सैल होतात. तेव्हा पॅनेल उघडून ते एकदा आवळा, आणि वायरिंगचा नकाशा लॅमिनेट करून पॅनेलच्या पाठीला चिकटवून टाका.