डेरिव्हेटिव्हची चिन्हं वाचताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडला बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला सतत टोचते. सूत्रं तोंडपाठ असतात, पण आपणच लिहिलेलं चिन्ह काय म्हणतंय ते वाचता येत नाही.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर, आणि त्याचं चिन्ह डीवाय बाय डीएक्स. त्यातला वरचा-खालचा डी काटून वाय बाय एक्स करणारी मुलं दरवर्षी असतात. डी ही संख्या नाही, ती काटायची कशी? गणितज्ञ लायब्निट्झने १६७५ मध्ये हे चिन्ह वापरलं ते ‘फरक’ या अर्थाने. डीवाय म्हणजे वायमधला अगदी बारीक फरक. डी आणि वाय वेगळे करताच येत नाहीत.

खरं नुकसान होतं ते दोनच्या आकड्याने. डी स्क्वेअर वाय बाय डीएक्स स्क्वेअर, म्हणजे डेरिव्हेटिव्हचाच पुन्हा डेरिव्हेटिव्ह, विचारला की मुलं डीवाय बाय डीएक्स काढतात आणि त्याचा वर्ग करून मोकळी होतात. हे समजायला रामकुंडावर चला. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, पाणी तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, ही झाली उंची, एच. तासाला किती फूट चढतंय, ते डीएच बाय डीटी. आता समजा पाणी पहिल्या तासात ३ फूट चढलं, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. पाणी अजून चढतंच आहे, पण चढण्याचा वेग दर तासाला १ फुटाने घटतोय. म्हणून डी स्क्वेअर एच बाय डीटी स्क्वेअर आहे उणे १. वर्ग केलात तर ९, ४, १ मिळतील. वर्ग कधीच उणे होत नाही, त्यामुळे पुराचा जोर कमी होतोय की वाढतोय हे त्याच्या चिन्हावरून कधीच कळणार नाही. एककही बघा: दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं फूट प्रति तास प्रति तास, वर्गाचं चक्क चौरस फूट प्रति तास प्रति तास. शंका आली की एकक लिहा, चूक तिथल्या तिथे सापडते.

याच चुकीची सख्खी बहीण पॅरामेट्रिकमध्ये, म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही टीमध्ये दिलेले असतात तिथे, भेटते. एक्स म्हणजे टीचा वर्ग, वाय म्हणजे टीचा घन. डीवाय बाय डीएक्स आलं ३टी बाय २. इथपर्यंत सगळे बरोबर. पुढे वायचा दुसरा डेरिव्हेटिव्ह ६टी, एक्सचा २, भागून ३टी असं लिहितात, ते चूक. ३टी बाय २ चं टीच्या सापेक्ष विकलन करा (म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढा), ३ बाय २ मिळेल; त्याला डीएक्स बाय डीटीने, म्हणजे २टीने, भागा. उत्तर ३ बाय ४टी. (टी शून्य नको, हेही लिहा.)

एफचा डेरिव्हेटिव्ह ‘एफ डॅश’ असा लिहायचा, हा गणितज्ञ लग्रांजचा डॅश सुटसुटीत आहे, पण विकलन कशाच्या सापेक्ष केलं ते तो सांगत नाही. एफ ऑफ एक्स म्हणजे एक्सचा वर्ग धरा. एफ डॅश ऑफ २एक्स म्हणजे आधी विकलन, मग २एक्स ठेवणं: ४एक्स. पण एफ ऑफ २एक्सचं विकलन ८एक्स येतं. वाचायला सारखं, उत्तर दुप्पट.

एफ डॅश ऑफ ३ मध्येही हाच क्रम. आधी ३ ठेवलात तर ९ उरतो, त्याचं विकलन शून्य. आधी २एक्स काढा, उभी रेघ मारून खाली एक्स बरोबर ३ लिहा, मगच ६.