म्हापशाच्या बाजाराच्या आठवणी नोंदवताना काळ कसा ठरवावा

गोव्यातील म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला ‘हे कोणत्या साली झाले?’ असे विचारू नये, कारण साल बहुतेकांच्या लक्षात नसते आणि फारच आग्रह धरला तर विचारणाऱ्याचा मान राखण्यासाठी ते एखादा आकडा सांगून मोकळे होतात. त्याऐवजी जागा, वस्तू आणि भाव विचारावेत: आई मिरच्यांचा पसरा कुठे मांडत असे, तिच्या शेजारी कोण बसे, माल संपल्यावर घरी नेण्यासाठी ती काय घेत असे.

काळ ठरवण्यासाठी पैशाइतकी उपयोगी खूण नाही. भाव रुपिया आणि तांगे या पोर्तुगीज अमलातल्या जुन्या नाण्यांत सांगितला, तर गोष्ट बहुधा १९५९ पूर्वीची समजावी, कारण त्या वर्षी एका रुपियाला सहा या दराने एस्कुद चलनात आले; तरी जुनी नावे लोकांच्या तोंडी रेंगाळतात, म्हणून सोबत दुसरी खूणही मागावी. हॉलंडहून आलेल्या बटाट्यांचा उल्लेख निघाला, तर भारताच्या नाकेबंदीची वर्षे, म्हणजे १९५५ नंतरचा आणि मुक्तीपूर्वीचा काळ, मनात धरून पुढचे प्रश्न विचारावेत. नंतरच्या काळासाठी १९ डिसेंबर १९६१ ची पोर्तुगीज राजवटीपासूनची मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळलेला मांडवीचा पूल या खुणा पक्क्या आहेत. त्यांतही पुलाची खूण मला अधिक भरवशाची वाटते, कारण पणजीशी व्यवहार असलेल्यांची फेरीबोटीवरची दगदग त्या घटनेला जोडलेली असते.

महिना हवा असेल तर सण विचारावा. म्हापशाच्या बोडगेश्वर देवाची जत्रा थंडीत येते, तर मिलाग्र सायबिणीचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतर, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीच्या दिवसांत. सुके मासे, मिरच्या, सोले (आमसुले) यांची बेगमी तेव्हाच होते.

मुलाखत शुक्रवारी मागू नये. त्या दिवशी कोणाला उसंत नसते, आणि मागणारा गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर तर मुळीच नसते. अन्य दिवशी घरी जाऊन, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, आणि जुनी बिले किंवा जमाखर्चाच्या वह्या असल्यास त्यांचे तिथेच फोटो घ्यावेत. एखादी वही मोडी लिपीत असल्यास ती जाणकाराकडून वाचून घ्यावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही निवेदने जशीच्या तशी ठेवून, कोणाशी, कधी आणि कुठे बोललो ते प्रत्येकाखाली लिहावे.