मोटरसायकलचं इंजिन विमानाला बसवताना

रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी इंजिनाची ताकद ४७ अश्वशक्ती. एका माणसाच्या हलक्या विमानाला एवढी पुरते, त्यामुळे कागदावर हिशोब लगेच जुळतो. पण ही ताकद मिळते ७२५० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७२५० फेऱ्यांना. दीड मीटर व्यासाचा पंखा (प्रोपेलर) थेट त्या वेगाने फिरवला तर त्याची टोकं सेकंदाला ५७० मीटर धावतील. ४० अंशांच्या हवेत आवाजाचा वेग ३५५ मीटर असतो. त्याच्या जवळ गेलं की पंखा हवा ओढायचं सोडून नुसता किंचाळतो. टोकाचा वेग २२० मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे दीड मीटरचा पंखा २६०० ते २७०० आरपीएमवर थांबला पाहिजे. विमानासाठीच बनलेलं रोटॅक्स ९१२ हेच करतं: इंजिन ५८०० ला, आणि २.२७ च्या गिअरमुळे पंखा साधारण २५५० ला. तुम्हाला इंजिन ६५०० पर्यंत वापरायचं असेल तर एकूण गुणोत्तर २.५ लागेल. इंजिन तयार मिळतं. हा मधला भाग तुम्हालाच बनवायचा आहे आणि सगळी अडचण तिथेच आहे.

इंजिन निवडताना एक सिलिंडरवालं घेऊ नका. जुन्या बुलेट ३५० ची ताकद २० अश्वशक्तीच्या आसपास, ती कमीच पडते. केटीएम ३९० च्या जुन्या इंजिनाची ४३ आहे, पण ९००० आरपीएमला. शिवाय एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. प्रत्येक स्फोट हा पंख्याकडे ताकद नेणाऱ्या पट्ट्याच्या दातांवर हातोड्याचा घाव असतो, आणि पंखा जड असल्यामुळे तो घाव कुठेच जिरत नाही. म्हणून किमान दोन सिलिंडर घ्या. युरोपात बीएमडब्ल्यूची आडव्या सिलिंडरची इंजिनं लोक विमानाला लावतात, कारण त्यांची क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) मुळातच पुढे-मागे असते. आपल्याकडच्या गाड्यांची क्रँक आडवी असते, त्यामुळे इंजिन ९० अंशांत वळवून बसवावं लागतं.

हे वळवणं दिसतं सोपं, पण त्यातून दोन दुखणी उभी राहतात. एक तेलाचं. रस्त्यावर गाडी कितीही कलली तरी वळणाचा जोर तेलाला तळाशीच दाबून ठेवतो. वळवलेलं इंजिन मात्र विमान चढताना स्वतःच्या बाजूवर कलतं आणि तसंच राहतं. तेल एका कोपऱ्यात जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं, आणि मिनिटभरात बेअरिंग जळतं. दुसरं हवेचं. दोन्ही सिलिंडर एकामागे एक येतात, मागच्याला पुढच्याने तापवलेली हवा मिळते. पत्र्याच्या आडोशांनी ताजी हवा मागच्या सिलिंडरच्या फिन्समधून वळवून न्यावीच लागते.

आता वेग उतरवणं. पहिल्या बांधणीला इंजिनाचीच गिअरपेटी वापरा. क्रँक हाताने फिरवा, टॉप गिअर टाका, आउटपुट स्प्रॉकेटवर खूण करून त्याच्या दहा फेऱ्यांना क्रँक किती फेरे घेते ते मोजा. समजा वीस आले, म्हणजे गुणोत्तर २. मग उरलेले १.२५ दातेरी पट्ट्याने काढायचे: ८ मिलिमीटर पिचचा (दोन दातांमधल्या अंतराचा) पट्टा, ५० मिलिमीटर रुंद, लहान पुली ५६ दातांची, मोठी ७० ची. ४० अश्वशक्तीला पंख्याच्या शाफ्टवर सुमारे ११० न्यूटन-मीटर टॉर्क येतो आणि पट्ट्यावर साधारण १२५ किलोचा ओढ. पट्ट्याची रुंदी बनवणाऱ्याच्या तक्त्यातून पक्की करा आणि दीडपट तरी राखीव ठेवा. चेन नको. ताण सतत राहिला की ती ताणते, आणि तुटली तर पंख्यात जाते.

गिअर निसटला तर इंजिन क्षणात बेफाम होतं, म्हणून शिफ्ट ड्रम (गिअर बदलणारा आतला ड्रम) बोल्टने पक्का बांधून टाका. क्लच ठेवणार असाल तर स्प्रिंगा कडक घाला आणि तेल जेएएसओ एमए२ प्रकारचंच वापरा; कारच्या तेलाने क्लच सरकतो. वजन वाचवण्यासाठी क्लच-गिअरपेटी काढून टाकायचा मोह होतो. त्याआधी ऑइल पंप कशावर चालतो ते उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत तो क्लच बास्केटच्या गिअरवरच फिरतो.

पंखा इंजिनाच्या कुठल्याही शाफ्टच्या टोकाला थेट लावू नका. पंख्याचा पुढचा ओढ आणि विमान वळताना त्याची तिरकी झटापट सोसायला ते बेअरिंग बनलेलं नसतं. ४० मिलिमीटरचा ईएन२४ पोलादाचा वेगळा शाफ्ट लेथवर काढून घ्या. जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्यात हे काम करणारी वर्कशॉपं आहेत. उष्णोपचार मात्र लेखी कठीणपणासह घ्या. दोन बेअरिंगमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर, मागे ६२०८ नंबरचं बॉल बेअरिंग, पुढे ओढ सोसणारं अँग्युलर कॉन्टॅक्ट. मोठ्या पुलीत रबरी उशा द्या. मोटरसायकलच्या मागच्या हबमध्ये असतात तशाच. त्या नसतील तर ठरावीक आरपीएमला पट्टा थरथरतो, खडखड ऐकू येते आणि काही तासांत कीवे (पुली शाफ्टवर अडकवणारी खाच) फाटतो. खडखड आयडलिंगच्या वेगाजवळ असेल तर आरपीएमचा तेवढा टप्पा पटकन ओलांडायचा. ४५०० च्या वर ऐकू आली तर रबर मऊ करा किंवा हलका लाकडी पंखा लावा. तशीच चालवू नका.

विजेकडे दुर्लक्ष होतं. इंजेक्शनवालं इंजिन वीज गेली की बंद, म्हणून दोन बॅटऱ्या आणि दोन इंधन पंप लागतातच. साइड स्टँडचा स्विच, क्लच स्विच, चाकाच्या वेगाचा सेन्सर, गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, यांतला प्रत्येक जण हवेत इंजिन बंद करू शकतो किंवा ताकद कमी करू शकतो. वायरिंगच्या नकाशावर एकेक शोधा आणि जाणकाराकडून ईसीयूतून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) काढून घ्या. बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर वाऱ्यात बसवा. तो उष्णतेनेच मरतो.

उष्णता हा खान्देशातला मुख्य शत्रू. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ १० टक्के कमी असते. इंजिन, पंखा आणि पंख तिघांचंही तेवढंच घटतं. हिवाळ्यातल्या पहाटेच्या चाचणीवर उन्हाळ्यातलं उड्डाण कधीच मोजू नका. इंजिनाला हवा आवरणाबाहेरून द्या. प्लगखालच्या सेन्सरवर तापमान २०० अंशांच्या, तेलाचं १२० च्या आत ठेवा. मोटरसायकल महामार्गावर थोडीच ताकद वापरते. विमान तासन्‌तास पाऊण ताकद मागतं. म्हणून ४७ मधले ३० ते ३५ च सततचे धरा.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. ते पाणी ओढतं, जुनी रबरी नळी आणि फायबरची टाकी खातं. इथेनॉल सोसणारी नळी घ्या, ती एक्झॉस्टपासून दूर न्या, आणि परतीची लाइन ठेवा म्हणजे वाफ अडकणार नाही. टाकीच्या तळातून रोज नमुना काढून पाणी बघा. कापसाच्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, फोमचा फिल्टर दर दहा तासांनी धुवा.

विमानावर चढवण्याआधी सगळा संच ट्रॉलीवर बांधून ५० तास चालवा. ट्रॉलीच्या मागे कापूस मोजायचा लटकता काटा लावून तो जमिनीत पुरलेल्या खांबाला अडकवा. पूर्ण ताकदीला १०० ते ११५ किलो ओढ दिसला पाहिजे. ९० च्या खाली असेल तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) किंवा गुणोत्तर चुकलंय. मग ट्रॉली २० अंश पुढे, नंतर मागे कलवून तेलाचा दाब बघा. दाब डगमगला तर इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या कप्प्यात आडोसे घातल्याशिवाय पुढचं काम नाही. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत माणूस, कुत्रं, दोरी काही नको, आणि चाचणी सकाळी नऊच्या आत.

डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि उड्डाण परवानगी मिळाल्याशिवाय शेतातून उडायचं नाही. धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये कॅप्टन अमोल यादव यांच्या घरी बांधलेल्या सहा आसनी विमानाची चाचणी झाली, तीही कागदपत्रांची लढाई लढूनच. प्रत्येक बोल्टची, प्रत्येक तासाची नोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. तपासणीला तीच लागते.

लाकडी पंखा असेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि हबचे बोल्ट सैल होतात. पावसाळ्यात ते फुगून बोल्टवर ताण येतो. पहिल्या तासानंतर, मग दर दहा तासांनी, आणि ऋतू बदलताना हमखास, लॉकवायर (बोल्ट फिरू नयेत म्हणून गुंफलेली तार) कापून टॉर्क रेंचने सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि नवी वायर घाला.